गव्हाशिवायचा नाश्ता

कॉर्नफ्लेक्स मक्याचे असतात, हे त्यांच्या नावातच आहे. मका म्हणजे गहू नव्हे. मग ज्याला गहू चालत नाही त्याने कॉर्नफ्लेक्स खायला हरकत काय? हा प्रश्न मला आतापर्यंत वसतिगृहाच्या मावशींनी, वर्गातल्या मैत्रिणींनी, एका किराणा दुकानदाराने आणि माझ्या सख्ख्या मामाने विचारला आहे. उत्तर खोक्याच्या मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत असतं: 'माल्ट एक्स्ट्रॅक्ट'. माल्ट म्हणजे मोड आणून, वाळवून, भाजलेलं धान्य. बहुतेक वेळा ते धान्य म्हणजे जव, ज्याला आपण दुकानात बार्ली म्हणतो. बऱ्याच कॉर्नफ्लेक्सना भाजका गोडवा आणि तांबूस रंग येतो तो या माल्टमुळे. आणि जवात ग्लूटेन असतं.

मी सौसरची. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला, त्यातलं सौसर. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, बाजारात हिंदी, असं आमचं चालतं. छिंदवाडा तर मक्यासाठी ओळखला जातो. म्हणजे आजूबाजूच्या शेतात मका उभा, आणि मक्याचं म्हणून विकलेलं खोकं मात्र मला वर्ज्य! सतराव्या वर्षी मला सिलिॲक हा आजार असल्याचं कळलं. आता मी एकवीस वर्षांची आहे. या चार वर्षांत सगळ्यात अवघड गेलं ते सकाळचं खाणं. दुपारी वरण-भात असतो, रात्री भाकर-भाजी असते. सकाळी मात्र जग गव्हावर उठतं: पोळी-चहा, ब्रेड, बिस्किट, रव्याचा उपमा, शेवया, दलिया. म्हणून हा लेख फक्त सकाळबद्दल. गव्हाशिवाय, जवाशिवाय, आणि तरी आवडीने खाता येईल असं वाडग्यात काय घालायचं?

'आवडीने' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. सिलिॲकवर आज तरी पथ्य हाच उपचार आहे, आणि पथ्य जन्मभराचं आहे. जे खाणं रोज सकाळी नाक मुरडून गिळावं लागतं, ते माणूस किती दिवस खाईल?

आधी थोडं शास्त्र

कणकेचा गोळा मळा आणि बारीक धारेखाली हळूहळू धुवत राहा. पांढरं पाणी वाहून जातं, तो स्टार्च. हातात उरतो तो रबरासारखा चिवट गोळा, तेच ग्लूटेन. ग्लायडिन आणि ग्लूटेनिन या दोन प्रकारच्या प्रथिनांपासून ते बनतं. पोळी लाटता येते, पाव फुगतो, तो याच चिवटपणामुळे. ज्वारीच्या पिठात हा चिवटपणा नाही. म्हणून तर भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवावं लागतं आणि थापताना तिच्या कडा फाटतात. आपल्या आया-आज्यांना ग्लूटेन हा शब्द माहीत नव्हता, पण ते नसलेलं पीठ कसं हाताळायचं हे त्यांच्या तळहातांना माहीत होतं.

जवात आणि राय नावाच्या धान्यात ग्लूटेनसारखीच प्रथिनं असतात. सिलिॲक असलेल्या माणसाचं शरीर ती प्रथिनं आतड्यात आली की स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारख्या बारीक लव असतात. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं शोषून घेण्याचं काम त्यांचं. त्या लव झडतात, सपाट होतात. मग पोटभर खाऊनही अंगी लागत नाही. कुणाला जुलाब होतात, कुणाची उंची खुंटते, कुणाचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वर येत नाही. माझं हे तिसऱ्या प्रकारचं होतं. ही ॲलर्जी नव्हे. अंगावर पित्त उठून तासाभरात जाणारा प्रकार हा नाही. कधी कधी तर खाल्ल्यावर काहीच जाणवत नाही, आणि आत नुकसान चालूच राहतं.

हा दोष गव्हाचा आहे हे जगाला फार उशिरा कळलं. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना बरीच वर्षं तसा संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तिथे भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. एरवी सगळा देश खंगत असताना सिलिॲकची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात गव्हाचा संबंध मांडला.

आपल्याकडे हा आजार परदेशातलाच, असा समज आहे. पण दिल्ली परिसरात केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत साधारण ९६ माणसांमागे एकाला सिलिॲक आढळला. पुढे २०१६ च्या अभ्यासात उत्तर भारतात हे प्रमाण शंभरात एकाहून थोडं जास्त, तर दक्षिणेत हजारात एक असं दिसलं. उत्तरेत गहू जास्त खाल्ला जातो, हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात. आम्ही पांढुर्णा-सौसरचे लोक बरोबर मधल्या पट्ट्यातले: आजोबांच्या ताटात ज्वारी, आमच्या ताटात गहू.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. हा लेख वाचून कुणाला शंका आली तर आधी गहू बंद करू नका, आधी डॉक्टरांकडे जा. रक्ताची टीटीजी नावाची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, या दोन्ही गहू खात असतानाच खऱ्या ठरतात. गहू सोडला की आतडं सुधारायला लागतं आणि आजार तपासणीत लपतो. आणि ज्यांना हा आजार नाही, त्यांनी बारीक होण्यासाठी 'ग्लूटेन-फ्री' महागडी खोकी आणायची काही गरज नाही.

जव, जवस, जवारी

साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला या पथ्यातला सगळ्यात मजेदार भाग वाटतो तो शब्दांचा. आमच्या भागात ज्वारीला जवारी म्हणतात. आता हे तीन शब्द एका दमात म्हणून बघा: जव, जवस, जवारी. पहिलं मला पूर्ण बंद. दुसरं म्हणजे जवसाची चटणी, ती बिनधास्त चालते. तिसरं तर माझं मुख्य अन्न. संस्कृतात जवाला 'यव' म्हणत आणि ज्वारीला 'यवनाल'. म्हणजे नावात नातं आहे, पण पोटात नाही. पाकिटावर हिंदीत 'जौ' असेल तर ते जव, 'जई' असेल तर ते ओट्स, आणि 'ज्वार' असेल तर आपली जवारी.

'सातू' हा शब्द आणखी फसवा. कोशात सातू म्हणजे जव. घराघरांत मात्र सातूचं पीठ म्हणजे भाजलेले गहू आणि डाळवं दळून केलेलं पीठ, गूळ-पाणी घालून खायचं. दोन्ही अर्थांनी ते माझ्या कामाचं नाही. आमच्याकडे आता गहू वगळून भाजलेली जवारी आणि डाळवं यांचं पीठ करतात. त्यालाही सगळे सातूच म्हणतात, म्हणून डब्यावर चिठ्ठी लावावी लागते.

ओट्सचा प्रश्न थोडा वेगळा. ओट्सचं प्रथिन गव्हासारखं नाही, आणि शुद्ध ओट्स बऱ्याच सिलिॲक रुग्णांना मानवतात. पण साधे ओट्स शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हा-जवाच्या संगतीत असतात, आणि थोड्या लोकांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. तेव्हा ओट्स घ्यायचे तर पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच, आणि डॉक्टरांना विचारून. दुधात घालायच्या माल्टवाल्या पावडरी बाद. रवा, दलिया, शेवया गव्हाच्या, म्हणून बाद. आणि हिंग! दुकानातला नेहमीचा हिंग शुद्ध नसतो, तो पिठात कालवलेला असतो आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, पण डबी उलटून वाचावं लागतं. चिवडा, शेव, फोडणीचे मुरमुरे यांत गहू शिरतो तो या दारातून.

पाकीटबंद मालावर गहू, जव, राय, ओट्स असतील तर तसं वेगळं लिहिणं आपल्या देशात बंधनकारक आहे. त्यामुळे मी आधी घटकांची यादी वाचते आणि मग तिच्याखालचं 'कंटेन्स' हे वाक्य. 'ग्लूटेन-फ्री' असं छापायचं तर एक किलो मालात ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, असा एफएसएसएआयचा नियम आहे.

पाव ग्रॅमचा हिशेब

२० मिलिग्रॅम म्हणजे किती, हे समजायला मी एकदा कागदावर हिशेब मांडला. गव्हाच्या पिठात साधारण दहा टक्के प्रथिनं, आणि त्यांतला मोठा भाग ग्लूटेनचा. म्हणजे १०० ग्रॅम पिठात आठेक ग्रॅम ग्लूटेन. त्या हिशेबाने २० मिलिग्रॅम ग्लूटेन यायला पाव ग्रॅम गव्हाचं पीठ पुरतं. पाव ग्रॅम म्हणजे चिमूट! एक किलो जवारीच्या पिठात गव्हाच्या पिठाची एक चिमूट पडली की ते पीठ मर्यादेवर येऊन पोचलं.

आता गावातली चक्की डोळ्यांसमोर आणा. आधीचं गिऱ्हाईक गव्हाचं. पाटांमध्ये, नळीत, खालच्या कापडी तोंडात त्याचं पीठ चिकटलेलं असतं. चक्कीवाले काका चांगले असतात, 'तुमची जवारी पहिली टाकतो' म्हणतात. पण पहिली टाकली तरी रात्रीचं पीठ आतच असतं. यात दोष कुणाचाच नाही, चक्कीची रचनाच तशी आहे. म्हणून ज्वारी ही मुळात ग्लूटेनमुक्त असली तरी चक्कीवरून आलेलं ज्वारीचं पीठ ग्लूटेनमुक्त असेलच असं नाही.

याचं उत्तर आमच्या घरात कोपऱ्यात पडलेलं निघालं: आजीचं जातं. नाश्त्यापुरत्या कण्या भरडायला ते पुरतं, आणि त्यात आता गहू कधीच जात नाही. जातं नसेल तर मिक्सरचं एक वेगळं भांडं ठेवा. नाश्त्याला पीठ लागतच नाही, ही खरं तर सोय आहे. अख्खं धान्य आणा, निवडा, धुवा, आणि घरीच फोडा, भरडा किंवा शिजवा. निवडताना ताटात गव्हाचा दाणा दिसला तर तो उचलून फेकता येतो. पिठातून गहू उचलता येत नाही.

कुरकुरीत म्हणजे काय

आता वाडग्याकडे येऊ. दुधातला तो कुरकुरीत नाश्ता ही कल्पना अमेरिकेतली. मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामात केलॉग बंधूंनी १८९४ मध्ये शिजवलेला गहू लाटून, भाजून पापुद्रे केले. मक्याचे पापुद्रे त्यानंतरचे. भारतात ही कंपनी १९९४ मध्ये आली, आणि सुरुवातीला तिचं जमेना. आपण सकाळी दूध गरम करून घेतो, आणि गरम दुधात पापुद्र्यांचा लगदा होतो, हे त्याचं एक कारण सांगतात.

यामागचं कारण समजलं की घरचा नाश्ताही सुधारतो. भाजलेल्या धान्यात पाणी जवळजवळ नसतं. कोरडा स्टार्च काचेसारखा कडक असतो, म्हणून तो दाताखाली तुटतो आणि आवाज करतो. दूध आत शिरलं की तोच स्टार्च मऊ पडतो, आणि दूध गरम असेल तर लवकर पडतो. यावर उपाय दोन. एक, दूध थंड घ्यायचं आणि शेवटी ओतायचं. दुसरा, दाण्यावर गुळाचा किंवा तुपाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे दुधाला आत जायला वेळ लागतो. खोक्यातल्या साखरेचा मुलामा दिलेल्या पापुद्र्यांचं तंत्र हेच.

आणि जे मऊच असायला हवं, ते मऊ म्हणूनच खावं. लापशीकडून कुरकुरीची अपेक्षा ठेवली की दोन्हीकडून निराशा होते.

आमच्या घरचे चार वाडगे

पहिला वाडगा जवारीच्या लाह्यांचा. लाह्या आपल्याला नागपंचमीमुळे माहीत असतात, पण त्या वर्षातून एकदाच का खायच्या? मी ऑनलाइन नाश्त्याची परदेशी खोकी शोधत बसले होते तेव्हा आजी म्हणाली होती, "कायले आणतं वो पोरी एवढी महाग खोकी? घरात जवारी हाय ना." लाह्यांसाठी लहान, कडक दाण्याची जवारी लागते, सगळ्याच जवारीच्या लाह्या नीट फुटत नाहीत. रात्री दाण्यांवर पाण्याचा हबका मारून फडक्यात झाकून ठेवायचं, सकाळी वरून कोरडे करून घ्यायचे. लोखंडी कढई चांगली तापली की मूठभर दाणे टाकून फडक्याच्या बोळ्याने दाबत हलवायचे. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते, कडक टरफल तिला अडवून धरतं, आणि दाब असह्य झाला की दाणा फुटून उलटा होतो. ओल कमी असेल तर दाणा नुसता करपतो, आणि टरफल चिरलेलं असेल तर वाफ आधीच निसटते. या लाह्या थंड दूध, किसलेला गूळ आणि वेलदोडा घालून लगेच खायच्या. माझ्या वाडग्यात त्या तीन-चार मिनिटं कुरकुरीत राहतात, आणि मला तेवढा वेळ पुरतो.

दुसरा वाडगा हा वसतिगृहासाठीचा, कारण तो डब्यात पंधरा दिवस राहतो. चार वाट्या लाह्या, एक वाटी मुरमुरे, अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे, दोन चमचे तीळ, एक चमचा भाजलेलं जवस. अर्धी वाटी किसलेला गूळ एक चमचा तुपात मंद आचेवर वितळवायचा. फेस आला की त्याचा थेंब पाण्यात टाकून बघायचा. थेंब मऊ गोळी झाला तर पाक कच्चा आहे, नाश्ता चिकट होईल. थेंब कडक होऊन कटकन तुटला की आच बंद करायची. चिक्कीची हीच परीक्षा आहे. लगेच सगळं त्यात हलवून तूप लावलेल्या ताटात पसरायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायचं. कोमट भरलं तर डब्यातच वाफ धरते आणि सगळं मऊ पडतं. दुधाबरोबर खा, दह्याबरोबर खा, नाहीतर माझ्या रूममेटसारखं अभ्यास करता करता नुसतंच संपवा.

तिसरा वाडगा कण्यांचा. भरडलेली जवारी पाखडून पीठ वेगळं काढायचं, कण्या रात्रभर भिजत घालायच्या आणि सकाळी चौपट पाण्यात मऊ शिजवायच्या. गोड हव्या तर दूध-गूळ, तिखट हव्या तर ताक, जिरं आणि लसणाची फोडणी. उन्हाळ्यात थंड ताकातल्या कण्या, थंडीत गरम दुधातल्या. दलियाची आठवण येणाऱ्या माणसाला सगळ्यात जवळचं समाधान यात मिळतं.

चौथा वाडगा कुटकीचा. आमच्या उत्तरेला तामिया आणि पातालकोटच्या बाजूला गोंड आणि भारिया लोक कुटकीची, मक्याची पेज पितात. शहरांत हेच बारीक दाणे आता 'मिलेट' म्हणून सुंदर पाकिटांत मिळतात. २०२३ हे तर आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षच होतं. कुटकी धुवून थोडी परतायची आणि अडीचपट पाण्यात उपम्यासारखी शिजवायची: मोहरी, कढीपत्ता, कांदा, मटार. रव्याच्या उपम्याची उणीव मला तरी आता जाणवत नाही.

आणि पोहे? पोहे तांदळाचे, ते चालतात. नागपुरात बाहेर तर्री-पोहे खाताना मात्र मी विचारून घेते: तर्रीत हिंग कोणता, आणि वरची शेव समोसे तळलेल्या तेलातली आहे का. दोन्हींची उत्तरं नक्की मिळाली नाहीत तर साधे पोहे, वर लिंबू.

उपासाचं फडताळ आणि संत्री

पांढुर्णा-सौसरसारख्या गावांत 'ग्लूटेन-फ्री' अशी पाटी असलेलं दुकान शोधत बसू नका. किराणा दुकानात उपासाचं सामान कुठे आहे ते विचारा. राजगिरा, भगर, साबुदाणा, शिंगाडा. उपासाला गहू चालत नाही, त्यामुळे हे फडताळ आपोआप माझं झालं. फक्त पिठं टाळून अख्खा दाणा घ्यायचा, कारण पीठ म्हटलं की पुन्हा चक्की आली. राजगिऱ्याच्या लाह्या कढईत क्षणात फुटतात, आणि दुधात त्या इतक्या हलक्या लागतात की लहान मुलंही खातात. दुकानदार मला नेहमी विचारतात, "आज कोणता उपास, ताई?" पूर्वी मी सगळं समजावून सांगायची. आता म्हणते, "रोजचाच, काका."

आमच्या भागाची दुसरी देणगी संत्री. सिलिॲकमध्ये लोह कमी पडतं हे वर आलंच आहे. धान्यातलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही, पण सोबत क जीवनसत्त्व असेल तर जास्त घेतं. म्हणून जवारीच्या नाश्त्यानंतर एक संत्रं. दुधात मात्र संत्र्याच्या फोडी टाकू नका, आंबटपणाने दूध फाटतं. दह्यात टाकल्या तर छान लागतात. आणि चहा नाश्त्याबरोबर नको, तासाभराने घ्या, कारण चहातली द्रव्यं लोह अडवतात. हे शेवटचं मला अजून सगळ्यात जड जातं.

रविवारची सकाळ

आपल्या कॉलेजच्या वाचकांपैकी काहींना हा प्रश्न पडेल म्हणून लिहिते. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी तासभर काही खायचं नसतं, त्यामुळे रविवारी सकाळच्या मिस्सेत बऱ्याच जणांच्या पोटात जाणारा पहिला घास हा ख्रिस्तप्रसादाचाच असतो. आणि कॅथलिक नियमाप्रमाणे ती भाकर गव्हाचीच लागते. व्हॅटिकनने २००३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केलं की पूर्ण ग्लूटेनमुक्त भाकर चालत नाही, अगदी कमी ग्लूटेनची चालते, आणि ज्याला तीही सोसत नाही तो फक्त पेल्यातून द्राक्षारस घेऊ शकतो. तेवढ्याने ख्रिस्तप्रसाद पूर्ण होतो. त्यासाठी फादरांना आधी सांगून ठेवायचं. पेलाही असा लागतो, ज्यात भाकरीचा तुकडा टाकलेला नाही. मला यात नेहमी एक गंमत वाटते. प्रभूच्या प्रार्थनेच्या मराठी अनुवादात पोळी नाही, पाव नाही, 'भाकर' हा शब्द आहे. मराठी माणसाने रोजचं अन्न म्हणून देवाकडे जे मागितलं, ते बहुतेक ज्वारी-बाजरीचंच होतं. माझ्या आजाराला या शब्दाने काही फरक पडत नाही, पण म्हणताना बरं वाटतं.

तुमच्या टेबलावर कुणी असेल तर

सिलिॲक असलेल्या माणसाला दया नको असते, जागा हवी असते. तुमच्या वसतिगृहात, मेसमध्ये असं कुणी असेल तर तीन गोष्टी करता येतात. तिच्या डब्यात आपला बिस्किटाचा चुरा लागलेला चमचा घालू नका. गुळाच्या, जॅमच्या, तुपाच्या सामाईक बरणीत तिचा वाटा आधी काढू द्या. आणि 'एका घासाने काय होतंय' हे वाक्य म्हणू नका. एका घासात काय असतं त्याचा हिशेब वर दिलेला आहे.

बाकी तिच्या नाश्त्यात वाटेकरी जरूर व्हा. परवा आमच्या मजल्यावर लाह्यांचा डबा फिरला तेव्हा सात जणींनी खाल्लं, आणि त्यांतल्या एकीलाही सिलिॲक नव्हता. पुढच्या वेळी चार वाट्यांऐवजी आठ वाट्या लाह्या घ्यायच्या, असं ठरलं आहे. गूळही मग एक वाटी लागेल.